ओव्हरक्लॉक करताना बसचा स्पीड कसा तपासायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर, आकडा वाढवला, सेव्ह केलं, मशीन सुरू झालं, विंडोजही आली. बरेच जण इथेच ओव्हरक्लॉक झालं असं धरून चालतात. पण आपण भरलेला आकडा आणि बोर्ड प्रत्यक्षात चालवतोय तो आकडा एकच असेल असं नाही. सेटिंग पेललं नाही तर बोर्ड गुपचूप जुन्या आकड्यावर परततो. प्रोसेसर वाढवताना रॅम नको तेवढी वर गेलेली असते. आणि पुष्कळदा ज्या बसला (म्हणजे भागाभागांमध्ये डेटा नेणाऱ्या वाटेला) हात लावायचाच नव्हता तीच आधी कोलमडते, दोष मात्र प्रोसेसरवर येतो. म्हणून माझा आग्रह एवढाच की प्रत्येक बदलानंतर प्रत्येक बसचा चालू आकडा डोळ्यांनी बघा आणि तो कुठून आला हे कागदावर मांडा. गुणाकार-भागाकार येत असेल तर हे कोणालाही जमतं.

उदाहरणासाठी एक मशीन धरून चालू: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड, आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० रॅम. तुमचं मशीन वेगळं असलं तरी पद्धत तीच राहील. इंटेलचे आणि जुन्या बोर्डांचे फरक पुढे दिले आहेत.

सगळे आकडे एकाच मुळातून

बोर्डला एक मूळ फ्रिक्वेन्सी लागते. आजच्या जवळपास सगळ्या इंटेल आणि एएमडी बोर्डांवर ती १०० मेगाहर्ट्झ असते. हाच बेस क्लॉक, म्हणजे बीसीएलके. प्रोसेसरचा वेग, रॅमचा वेग, आतल्या जोडण्यांचा वेग हे सगळं या १०० ला कशाने तरी गुणून मिळतं. प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झवर चालतोय याचा अर्थ १०० गुणिले ४४.

एकाच मोटरच्या शाफ्टवरून पिठाची आणि मसाल्याची अशा दोन गिरण्या पट्ट्यांनी चालवल्या, तर मोटरचा वेग वाढवला की दोन्ही जोरात फिरतात. फक्त मसाल्याचीच जोरात फिरवायची असेल तर तिची पुली बदलावी लागते. बेस क्लॉक म्हणजे मोटर आणि मल्टिप्लायर म्हणजे पुली, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

पूर्वी पुली बदलायची सोय नसायची, म्हणून लोक मोटरलाच हात घालायचे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा त्यातला गाजलेला प्रोसेसर. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर कायमचा बंद आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० केली की तो ३०० चा ४५० मेगाहर्ट्झवर जायचा. हे इतकं सुरळीत चालायचं त्यामागे पीसीआय, म्हणजे कार्डं वगैरे बोर्डाला जोडणारी बस, होती. पीसीआयचा ठरलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ. बस ६६ असताना बोर्ड तिला दोनने भागायचा, १०० असताना तीनने, उत्तर दोन्हीकडे ३३. पण मधल्या ८३ वर भाजक दोनच राहिला की पीसीआय ४१ च्या वर जायची, आणि तिच्यावरच बसलेला हार्ड डिस्कचा कंट्रोलर फाइली खराब करायला लागायचा. १०० चालतंय आणि त्याहून कमी असलेलं ८३ धोक्याचं, हे प्रोसेसरकडे बघून कधीच उलगडलं नसतं. बस तपासायची सवय इथून लागली आणि तिची गरज आजही तेवढीच आहे.

पुढे पीसीआय आणि तिच्या जागी आलेली पीसीआय एक्स्प्रेस वेगळ्या ‘लॉक’ करता, म्हणजे ठरलेल्या वेगावर कायम ठेवता, यायला लागल्या. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने पुन्हा सगळं एकाच क्लॉकला बांधलं, त्यामुळे बीसीएलके शंभराच्या वर चार-पाच टक्के गेला की बहुतेक मशीन अडखळायला लागत. २०१५ मध्ये स्कायलेकने पीसीआय एक्स्प्रेसचा क्लॉक परत वेगळा केला. तेव्हा पहिला प्रश्न हा: तुमच्या बोर्डावर बीसीएलके वाढवला तर त्याच्यासोबत अजून काय काय वाढतं? मॅन्युअल किंवा कंपनीच्या पानावर वेगळ्या क्लॉक जनरेटरचा उल्लेख नसेल, तर सगळंच वाढतं असं धरा.

पहिली पायरी: मूळ आकड्यांची नोंद

काहीही बदलायच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवा. सीमॉस क्लिअर करायची, म्हणजे बायोसमधली सेटिंगं पुसायची, वेळ आली तर पुढच्या बूटला विंडोज ती मागू शकते, आणि तेव्हा ती त्याच बंद डिस्कवर असून उपयोग नाही.

मग बायोसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा, मशीन सुरू करा आणि आकडे लिहून घ्या: बस स्पीड, मल्टिप्लायर, रॅमची फ्रिक्वेन्सी, ग्राफिक्स कार्डची लिंक (ते बोर्डाशी किती वेगाने जोडलंय ते), एसएसडीची लिंक, तापमान. वहीतलं हे पान सगळ्यात मोलाचं आहे. पुढे काही बिघडलं तर ‘आधी कसं होतं’ याचं उत्तर दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

हत्यारं सगळी फुकट आहेत. सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, ग्राफिक्स कार्डसाठी जीपीयू-झेड, डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, आणि रायझन असेल तर झेनटायमिंग्ज. ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरूनच डाउनलोड करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींच्या लिंकवरून कधीच नको.

दुसरी पायरी: बस स्पीड आणि मल्टिप्लायर वाचणं

सीपीयू-झेड उघडा. पहिल्याच टॅबवर खाली डावीकडे ‘क्लॉक्स’ची चौकट आहे. तिच्यात कोअर स्पीड, मल्टिप्लायर आणि बस स्पीड एकाखाली एक दिसतात. समजा बस स्पीड ९९.८ आणि मल्टिप्लायर ४४ दिसतोय. गुणाकार ४३९१ येतो, आणि कोअर स्पीडच्या ओळीतही तेच असतं. जुळलं म्हणजे आपण आकडा बरोबर वाचतोय.

आता १०० च्या जागी ९९.८ का? बोर्ड क्लॉकला मुद्दाम किंचित हलतं ठेवतो, म्हणजे रेडिओ लहरींचा त्रास एकाच फ्रिक्वेन्सीवर साचत नाही. याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात आणि बायोसमध्ये तो बंद करता येतो. बंद केल्यावर बस स्पीड १०० च्या अगदी जवळ येतो. ९९.८ बघून घाबरू नका. बीसीएलके वाढवणार असाल तर मात्र तो बंद करा, नाहीतर हिशोब प्रत्येक वेळी थोडा चुकेल.

मशीन नुसतं बसून असेल तेव्हा कोअर स्पीड बराच खाली दिसतो. ही वीज वाचवायची सोय आहे, बिघाड नव्हे. त्या वेळी बस स्पीड तोच राहिलेला असतो, मल्टिप्लायर उतरलेला असतो. खरा आकडा हवा तर सीपीयू-झेडच्याच ‘बेंच’ टॅबवरून स्ट्रेस चालू करा आणि मग बघा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ नावाच्या वेगळ्या ओळी मिळतात. झोपलेल्या कोअरचा वेळ वजा करून आलेला तो सरासरी वेग असतो. पूर्ण लोडवर नेहमीचा क्लॉक ४४०० दाखवतोय आणि इफेक्टिव्ह त्याच्या बराच खाली आहे, असं दिसलं तर प्रोसेसर कागदावरच धावतोय असं समजा. व्होल्टेज कमी पडल्यावर रायझनमध्ये हे होतं.

एक सापळा आणखी. विंडोजमध्ये हायपर-व्ही किंवा कोअर आयसोलेशन (व्हर्च्युअलायझेशनवर चालणाऱ्या सोयी) चालू असेल तर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला क्लॉक सरळ मोजता येत नाही आणि बस स्पीड ९८, १०१, ९९ असा भटकताना दिसू शकतो. अशा वेळी बायोसच्या पहिल्या पानावरचा आकडा जास्त भरवशाचा.

तिसरी पायरी: रॅम

नवख्या माणसाला खरा फायदा इथे मिळतो आणि खरा गोंधळही इथेच होतो. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा. त्यामुळे डब्यावर ३६०० लिहिलेल्या रॅमची खरी फ्रिक्वेन्सी १८०० मेगाहर्ट्झ. सीपीयू-झेडच्या ‘मेमरी’ टॅबवर डीरॅम फ्रिक्वेन्सीपुढे १८०० दिसलं तर रॅम पूर्ण वेगाने चालतेय. दुकानदाराने अर्ध्या वेगाची रॅम गळ्यात मारली अशी तक्रार घेऊन धावू नका. विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र दुप्पट केलेला आकडा, म्हणजे ३६००, दाखवतो.

तिथे १०६६ किंवा १३३३ दिसत असेल तर रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालतेय. रॅम बसवल्याबरोबर ती डब्यावरच्या वेगाने पळत नाही, बोर्ड तिला सुरुवातीला सावध वेगावर ठेवतो. बायोसमध्ये प्रोफाइल चालू करावं लागतं. त्याला सहसा एक्सएमपी म्हणतात, असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयच्या एएम४ (डीडीआर४ च्या रायझनचं सॉकेट) बोर्डांवर ए-एक्सएमपी, आणि डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्स्पो. महागडी रॅम घेऊन वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारी माणसं बघितली की फार वाईट वाटतं. हे प्रोफाइलसुद्धा कंपन्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाईलच असं नाही, हेही माहीत असू द्या.

त्याच टॅबवर ‘एफएसबी:डीरॅम’ अशी ओळ आहे. एफएसबी म्हणजे फ्रंट साइड बस, जुन्या बोर्डांवरची प्रोसेसरची बस. ती आता राहिली नाही, नाव राहिलं. डीडीआर४-३६०० वर तिथे ३:५४ दिसेल. ५४ भागिले ३ म्हणजे १८, आणि १०० गुणिले १८ म्हणजे १८००. डीडीआर४-३२०० वर ३:४८ दिसतं, म्हणजे १६ पट. ही ओळ रॅमची पुली दाखवते. आता समजा बेस क्लॉक १०२ केला आणि या पुलीला हात लावला नाही, तर रॅम १८३६ वर, म्हणजे डीडीआर४-३६७२ वर गेली. तुमची रॅम ३६०० लाच काठावर चालत असेल तर मशीन आता लटकेल, आणि तुम्ही प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवत बसाल.

त्याच टॅबवर चॅनलची, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या रस्त्यांची, ओळही बघा. दोन रॅम असून एकच चॅनल दिसत असेल तर त्या चुकीच्या स्लॉटमध्ये आहेत. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. हे लहान वाटतं, पण हिशोब करून बघा: डीडीआर४-३६०० दोन चॅनलवर सेकंदाला कागदोपत्री ५७.६ जीबी देते, एका चॅनलवर २८.८. कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगने एवढी झेप मिळणार नाही.

चौथी पायरी: आतली जोडणी

रायझनच्या आत कोअर आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक आहे. त्याच्या क्लॉकला एफसीएलके म्हणतात. रॅमचा क्लॉक एमसीएलके, कंट्रोलरचा यूसीएलके. झेनटायमिंग्ज उघडलं की हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. डीडीआर४ च्या रायझनवर तिन्ही सारखे हवेत: १८००, १८००, १८००. बोर्ड बहुतेक वेळा ते आपोआप जुळवतो, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे.

रॅम ४००० वर नेली तर एमसीएलके २००० होतो. फॅब्रिक २००० वर चालणारे नमुने कमी, म्हणून बोर्ड यूसीएलके निम्मा, म्हणजे १००० करून टाकतो. आकडा मोठा दिसतो, पण रॅमपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ वाढतो आणि मशीन ३६०० पेक्षा मंद चालू शकतं. ४००० चा फोटो काढून मिरवणाऱ्या कोणालाही आधी यूसीएलके विचारा.

डीडीआर५ च्या एएम५ बोर्डांवर गणित वेगळं आहे. तिथे रॅम ६००० असताना एमसीएलके आणि यूसीएलके ३०००, आणि एफसीएलके २००० च्या आसपास, अशी घडी चांगली मानली जाते. तिथे फॅब्रिक सारखं असायची अट नाही, पण एमसीएलके आणि यूसीएलके सारखे आहेत ना हे बघायचंच. एसओसी व्होल्टेजवरही (प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या) नजर ठेवा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीचं बायोस असेल तर ते आधी अपडेट करा.

पाचवी पायरी: पीसीआय एक्स्प्रेस

ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडी या बसवर बसतात. जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’पुढे ‘एक्स१६ ४.० @ एक्स१६ १.१’ असं काही दिसलं की नवखा माणूस हादरतो. एक्स१६ म्हणजे डेटाच्या १६ मार्गिका, ४.० म्हणजे बसची पिढी. ॲटच्या आधीचा भाग कार्डची क्षमता सांगतो, नंतरचा या क्षणाची लिंक. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला लिंक १.१ वर उतरते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू केली की ती वर चढते. आपल्या बी४५० बोर्डावर ती ३.० वर थांबेल, कारण या चिपसेटच्या बोर्डांची मर्यादाच तेवढी आहे. काही कार्डं मुळातच एक्स८ असतात, आरएक्स ६६०० हे त्यातलंच. त्यामुळे एक्स८ दिसलं की लगेच कार्ड उपसू नका, आधी कार्डची माहिती वाचा.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’ची ओळ बघा. तिथे दोन आकडे असतात, आधी चालू लिंक आणि मग कमाल. दोन्हीकडे ‘३.० एक्स४’ असेल तर ठीक.

पीसीआय एक्स्प्रेसचा स्वतःचा मूळ क्लॉकही १०० मेगाहर्ट्झ. वेगळा जनरेटर नसलेल्या बोर्डावर बीसीएलके १०३ केला की तोही १०३ होतो. प्रोसेसरला तीन टक्के काहीच वाटत नाहीत. एसएसडी मात्र मधूनच गायब होऊ शकते, लिंक एक पायरी खाली उतरू शकते, कधी यूएसबीची साधनं तुटून जोडली जातात. यातलं एसएसडीचं प्रकरण गंभीर आहे, कारण लिहिणं चालू असताना लिंक तुटली तर फाइल जाते. नवीन बोर्डांवर बीसीएलके १०० लाच ठेवा आणि मल्टिप्लायर व रॅमच्या प्रोफाइलने काम करा, असं माझं ठाम मत आहे. शंभराला हात लावायचाच असेल तर अर्ध्या-अर्ध्या मेगाहर्ट्झने चढा आणि दर टप्प्याला वरच्या दोन्ही लिंक तपासा.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

बदल बायोसमधूनच करा. असूसच्या बोर्डांवर एआय ट्वीकर, गिगाबाइटवर ट्वीकर, एमएसआयवर ओसी, असरॉकवर ओसी ट्वीकर असं पान मिळेल. विंडोजमधून बेस क्लॉक हलवणारी सॉफ्टवेअर नकोत. त्यामागे इतिहास आहे. २०१३ मध्ये एचडब्ल्यूबॉट या ओव्हरक्लॉकिंगच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने विंडोज ८ वरचे निकाल घेणं बंद केलं. चालू विंडोजमध्ये बेस क्लॉक बदलला की विंडोजचं वेळ मोजणंच चुकायचं, आणि बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) खोटा येई. वेळच चुकीची असेल तर वेग कशावरून मोजणार?

क्रम असा ठेवा. आधी रॅमचं प्रोफाइल, मग बूट, मग सगळे आकडे पुन्हा, मग चाचणी. ते पक्कं झाल्यावरच प्रोसेसरचा मल्टिप्लायर. रॅम आणि प्रोसेसर एकदम बदलले आणि मशीन बंद पडलं, तर कोणामुळे पडलं हे शोधण्यात सगळी संध्याकाळ जाते.

रॅमचं सेटिंग बदलल्यावर पहिल्या बूटला पडदा बराच वेळ काळा राहू शकतो, मशीन आपोआप दोन-तीनदा बंद-चालूही होतं. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. डीडीआर५ वर याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ पॉवर बटणाला हात लावू नका. खरंच अडकलं तर वीज काढा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडा, किंवा गोल बॅटरी काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. सगळं मूळ आकड्यांवर येतं.

सातवी पायरी: आकडा टिकतो का

आकडा दिसणं आणि टिकणं यात फरक आहे. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही एरर मान्य करू नका. ‘एकच तर आली’ असं म्हणायचं नाही, कारण ती एक एरर उद्या एखाद्या एक्सेल शीटमध्ये किंवा फोटोत उतरेल. प्रोसेसरसाठी प्राइम९५ किंवा ओसीसीटी. या चाचण्या चालू असताना एचडब्ल्यूइन्फो बाजूला उघडं ठेवा आणि बस क्लॉकच्या कमाल-किमान रकान्यांकडे बघा. दोन्हींत मोठी तफावत नको.

आता एक जागा जी फारसं कोणी उघडत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या, पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदी शोधा. क्रमांक १९ म्हणजे हार्डवेअरमध्ये चूक झाली आणि ती दुरुस्त केली गेली. नोंद उघडली आणि आत ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असं दिसलं तर रायझनवर पहिला संशय फॅब्रिकवर घ्या. मशीन व्यवस्थित चालत असतं, गेम अडकत नाही, पण आत फॅब्रिक पुन्हा पुन्हा तोच डेटा पाठवत असतं. एफसीएलके १९०० च्या पुढे नेला की अशा नोंदींची रांग लागलेली अनेकांना सापडते. क्रमांक १८ असेल तर ती चूक दुरुस्त न होणारी, तिच्यासोबत मशीन रीस्टार्टही झालेलं असतं. १९ ची एकही नोंद असेल तर एक पायरी खाली या.

आणि वेग खरंच वाढला का? ७-झिप या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बेंचमार्क आहे, तो रॅमच्या विलंबाला चांगला दाद देतो. मूळ आकड्यांवर आणि नव्या आकड्यांवर तो चालवून बघा. मेगाहर्ट्झ वाढले आणि ७-झिपचा निकाल घटला, तर यूसीएलके निम्मा झालाय किंवा फॅब्रिक चुका दुरुस्त करतंय. चौथ्या पायरीकडे परत जा.

इंटेल असेल तर

पद्धत तीच, नावं वेगळी. मल्टिप्लायर वाढवायला के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. बी५६० आणि बी६६० बोर्डांवर रॅम वाढवता येते, एच६१० वर तीही नाही. एफसीएलकेच्या जागी इथे ‘गिअर’ बघायचा. गिअर १ म्हणजे कंट्रोलर रॅमच्याच क्लॉकवर, गिअर २ म्हणजे निम्म्यावर. डीडीआर४-३६०० ला गिअर १ हवा, डीडीआर५ वर गिअर २ हेच नेहमीचं. एचडब्ल्यूइन्फो तो दाखवतं. कोअरना जोडणाऱ्या रिंगचा क्लॉकही वेगळा असतो. कोअर वाढवताना तो ऑटोवर सोडला असेल तर कुठे गेला ते बघून घ्या.

जुना कोअर २ चा बोर्ड असेल तर

शिकायला याहून चांगलं मशीन नाही, कारण इथे बसला हात लावल्याशिवाय पर्यायच नसतो. कोअर २ क्वाड क्यू६६०० घ्या. बस २६६, मल्टिप्लायर ९, वेग २४००. ही बस एका ठोक्यात चारदा डेटा पाठवते, म्हणून सीपीयू-झेडमध्ये ‘रेटेड एफएसबी’ १०६६ दिसतो. बायोसमध्ये भरायचा तो २६६, हे विसरू नका.

बस ३३३ केली की प्रोसेसर ३००० वर जातो, रेटेड एफएसबी १३३३. आता रॅम बघा. डीडीआर२-८०० ची खरी फ्रिक्वेन्सी ४००, आणि २६६ च्या बसवर तिचं प्रमाण २:३ असतं. तेच प्रमाण राहिलं तर ३३३ वर रॅम ५०० होते, म्हणजे डीडीआर२-१०००, आणि साधी रॅम तिथे मान टाकते. प्रमाण ५:६ करा, रॅम पुन्हा ४०० वर येते. बायोसमध्ये पीसीआय एक्स्प्रेस फ्रिक्वेन्सीची ओळ असेल तर तिथे ‘ऑटो’ ठेवू नका, १०० लिहा. पीसीआयची ओळ असेल तर ३३.३३. बरेच बोर्ड ऑटोवर बसबरोबर यांनाही वर नेतात. ही लॉकची सोयच नसलेले स्वस्त बोर्डही आहेत, त्यांच्यावर डिस्कमधला डेटा दुसरीकडे ठेवल्याशिवाय बस वाढवायची नाही.

उन्हाळा आणि बायोस अपडेट

जानेवारीतल्या पुण्यात पास झालेली चाचणी मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्यात पास होईल असं नाही. खोलीचं तापमान २० वरून ४० वर गेलं की प्रोसेसर, रॅम आणि व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) सगळेच तेवढे तापतात, आणि रॅमच्या चुका उष्णतेत लवकर येतात. होळीनंतर एकदा मेमटेस्ट पुन्हा चालवा. ज्या खोलीत मशीन रोज चालणार तिथेच, खिडक्या-पंखे रोज असतात तसे ठेवून.

बायोस अपडेट केल्यावर बहुतेक बोर्ड सगळी सेटिंगं मूळ आकड्यांवर आणतात. मशीन आधीसारखंच सुरू होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि रॅम महिनोन्‌महिने २१३३ वर चालत राहते. अपडेटनंतर वहीतलं पान समोर ठेवून बस स्पीड, डीरॅम फ्रिक्वेन्सी, एफसीएलके आणि दोन्ही लिंक पुन्हा वाचा. जुन्या बायोसमध्ये जतन केलेलं प्रोफाइल नव्यात भरू नका, आकडे एकेक करून हाताने घाला. आणि अपडेट करताना मशीन यूपीएसवर हवं, मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरूच होणार नाही.